तालुक्याच्या कोर्टात आपली वकील हवी

(टिटवाळा येथे स्त्री-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्यातला ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला दिलेला विषय असा आहे : ग्रामीण भागात वकील का येत नाहीत आणि ते यावेत म्हणून काय करता येईल? सकाळपासून गटचर्चेत एक वाक्य चार-पाच जणींच्या तोंडून आलं. "कायदा आहे हो, पण आपल्यासाठी उभं राहणारं कोणी नाही." मला वाटतं, विषय तिथेच मांडून झाला. मी फक्त त्याची फोड करणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. वकिलांना सेवाभाव नाही, ते पैशाच्या मागे असतात, अशी तक्रार करत बसून हा प्रश्न सुटणार नाही. गेली कित्येक वर्षं आपण मेळाव्यांतून वकिलांना आवाहनं करत आलो आहोत. टाळ्या पडतात, दोघं-तिघं नावं नोंदवतात आणि सहा महिन्यांनी त्यांची गाठ पडत नाही. त्यांचं मन लहान असतं म्हणून असं होत नाही. तालुक्याला वकिली करून घर चालत नाही, म्हणून असं होतं. आणि प्रश्न पोटापाण्याचा आहे हे एकदा मान्य केलं, की त्यावर उपायही पोटापाण्याचेच शोधावे लागतात.

आपण टिटवाळ्यात बसलो आहोत. बाहेर महागणपतीच्या दर्शनाला आलेल्यांची रांग आहे. पण या गावाची आणखी एक ओळख आपल्या चळवळीने विसरू नये. जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्रातल्या किसान सभेची परिषद इथे टिटवाळ्याला भरली होती. उंबरगाव भागातले काही वारली शेतकरी त्या परिषदेला आले आणि त्यांनी वेठबिगारीची कहाणी सांगितली. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायको दोघंही सावकाराच्या घरी राबत राहायची. त्यांना 'लग्नगडी' असंच नाव पडलं होतं. गोदूताई परुळेकर त्या भागात गेल्या, राहिल्या आणि पुढचा वारल्यांचा लढा आपल्याला ठाऊक आहे. गोदूताई कायद्याच्या पदवीधर होत्या, महाराष्ट्रात ती पदवी घेणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी. त्यांनी कोर्टात वकिली थाटली नाही. पण कायदा शिकलेलं माणूस शहर सोडून पाड्यावर मुक्कामाला येतं, तेव्हा काय होऊ शकतं हे त्यांच्या आयुष्याने दाखवलं.

मात्र आपल्याला आज शंभर गोदूताई मिळणार नाहीत. आणि एखाद्या बाईला पोटगी मिळावी यासाठी दुसऱ्या बाईने आयुष्य वाहून टाकावं, अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. आपल्याला हवी आहे साधी, नियमित, रोज अकरा वाजता कोर्टात हजर असणारी वकील.

कागदावर काय आहे?

कागदावर आपल्याला बरंच मिळालेलं आहे, आणि ते फुकट मिळालेलं नाही. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९ अ हे कलम आलं. पैशाअभावी कोणी न्यायापासून वंचित राहू नये, ही जबाबदारी त्याने सरकारवर टाकली. त्यानंतर १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमात मोफत वकील कोणाला मिळेल याची यादी आहे. त्या यादीत 'स्त्री' हा शब्द आहे. गरीब स्त्री नव्हे, विधवा किंवा परित्यक्ता नव्हे, नुसती स्त्री. उत्पन्नाचा दाखला न मागता प्रत्येक बाईला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. ही गोष्ट तुम्ही तुमच्या गटात पुन्हापुन्हा सांगा, कारण आजही तालुक्याच्या कचेरीत बाईकडे उत्पन्नाचा दाखला मागितला जातो.

महाराष्ट्र सरकारने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसा, मालमत्तेचे वाद अशा दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. बाई जिथे राहते, अगदी तात्पुरती माहेरी राहत असली तरी, तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे तिला अर्ज करता येतो. पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न कोर्टाने करावा, असं त्यात लिहिलं आहे. पोटगीचं जुनं १२५ कलम १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाने आलं. मार्च २०२३ पासून तर एसटीतही बायकांना निम्मं तिकीट झालं.

म्हणजे हिशेब असा : वकील मोफत, कोर्ट फी माफ, प्रवास निम्म्या दरात, कोर्ट माहेरच्या तालुक्यात, मुदत साठ दिवस. मग आपल्या बाईचं अडतं कुठे?

एका तारखेची किंमत

एक उदाहरण देते. नाव-गाव सांगत नाही. बाईचं माहेर शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या पलीकडच्या एका पाड्यावर. सासर कल्याणच्या बाजूला. नवऱ्याने हाकलून दिल्यावर दोन मुलांना घेऊन ती माहेरी आली. कायद्याप्रमाणे तिचा अर्ज शहापूरच्या कोर्टात होऊ शकत होता. पण झाला कल्याणला. का? तर ओळखीतून मिळालेले वकील कल्याणचे होते आणि तेवढ्यासाठी शहापूरला यायला त्यांना परवडत नव्हतं. कोर्टाची निवड वकिलाच्या सोयीने झाली. बाईच्या सोयीचा विचार झाला नाही.

आता तिची एक तारीख पाहा. पहाटे पाड्यावरून चालत रस्त्याला, तिथून एसटी किंवा जीपने आसनगाव, मग लोकलने कल्याण, मग कोर्टापर्यंत पायी किंवा रिक्षा. धाकटं मूल कडेवर. तिच्या नावाचा पुकारा दुपारी झाला. समोरच्या वकिलाने मुदत मागितली, मिळाली. परत घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. २०२५-२६ सालासाठी रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये ठरली होती. ती एक दिवसाची मजुरी बुडाली, वर प्रवासाचा, वडापावचा खर्च. सोबत भाऊ आला तर त्याचीही मजुरी बुडाली. अशा तीन तारखा झाल्या. चौथ्या तारखेला भात लावणी होती. ती आली नाही, वकीलही दुसऱ्या कोर्टात अडकले होते, आणि अर्ज गैरहजेरीत निकाली निघाला. तिला ते कळलं दीड महिन्याने.

या सगळ्यात तिला कोणीही लुबाडलं नाही, हे लक्षात घ्या. वकील सज्जन होते, त्यांनी फी घेतली नव्हती. कोर्टाने कायदा मोडला नाही. शहापूरलाच एखादी वकील असती, तर तिने त्या दिवशी उभं राहून नुसता हजेरीमाफीचा अर्ज दिला असता आणि प्रकरण जिवंत राहिलं असतं. 'वकील जवळ असणं' याचा अर्थ इतका साधा आहे.

आदेश मिळाल्यावरही काम संपत नाही. पोटगीचा आदेश हा कागद असतो, पैसे नसतात. नवरा थकवतो. मग वसुलीचा अर्ज करावा लागतो आणि थकलेल्या रकमेसाठी तो एका वर्षाच्या आत करायचा असतो. वर्ष उलटलं की त्या महिन्यांवर असं पाणी सोडावं लागतं. कितीतरी बायकांची पोटगी केवळ या एका वर्षाच्या अटीमुळे बुडते. नवरा भिवंडीच्या गोदामात कामाला असतो आणि कोर्टात बेकार असल्याचं सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितलं की पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. हा निकाल महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून आला आहे. पण तालुक्याच्या कोर्टात उठून "साहेब, प्रतिज्ञापत्र कुठे आहे?" असं विचारणारं कोणी हवं ना.

आपल्यापैकी काही जणी म्हणतील, आम्ही कोर्टात जातच नाही, समुपदेशन करतो, बैठक घेऊन मिटवतो. जरूर मिटवा. पण बैठकीत नवऱ्याकडचे लोक कधी नमतात? बाई उद्या कोर्टात जाऊ शकते याची त्यांना खात्री असते तेव्हा. जिच्यामागे वकील नाही तिची तडजोड म्हणजे पुष्कळदा तिने मुकाट्याने परत जाणं असतं. तडजोडीलाही वकील लागते.

वकील का टिकत नाही?

मी स्वतः तालुक्याच्या कोर्टात उभी राहते, म्हणून बार रूमच्या आतून काय दिसतं ते सांगते.

आपल्या भागातला मुलगा किंवा मुलगी एलएलबी होते. ती कल्याण-ठाण्याच्या कॉलेजात शिकलेली असते, रोज लोकलने जाऊन-येऊन. सनद मिळते. मग कोणातरी सीनियरच्या हाताखाली जुनिअर म्हणून उभं राहायचं. पहिली दोन-तीन वर्षं तारखा घ्यायच्या, नकला काढायच्या, झेरॉक्सला पळायचं. हातात काय पडतं? पुष्कळदा गाडीभाड्यापुरते पैसे, कधी तेवढेही नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं की सीनियर वकिलांनी जुनिअरना पहिली तीन वर्षं शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये महिना द्यावेत. चांगली गोष्ट आहे. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. आणि तालुक्याच्या ज्या सीनियरकडे स्वतःलाच महिन्याला तेवढे निश्चित मिळत नाहीत, तो ते कुठून देणार?

बरं, मोफत सेवेच्या पॅनलवर यावं, तर २०१० च्या नियमांप्रमाणे त्यासाठी किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या बाईचं प्रकरण शिकाऊ हाती पडू नये हे योग्यच आहे. पण परिणाम असा होतो, की ज्या तीन वर्षांत तरुण वकिलाला आधाराची सर्वांत जास्त गरज असते, त्याच तीन वर्षांत हे दार बंद असतं. पुढे पॅनलवर नाव लागलं तरी मानधन प्रकरणागणिक, थोडं, आणि उशिरा. पॅनलच्या वकिलाने पक्षकाराकडून एक पैसा घ्यायचा नाही असा नियम आहे, आणि तो असलाच पाहिजे. पण मानधन वेळेवर दिलं नाही, तर पहिली पाळी येते ती मोफत प्रकरणाच्या तारखेला दांडी मारण्याची.

मग तालुक्याला कोणते वकील दिसतात? जमिनीचे. समृद्धी महामार्ग शहापूर, भिवंडीतून गेला, वडोदरा-मुंबई महामार्गासाठी कल्याण तालुक्यात भूसंपादन झालं. मोबदल्याच्या प्रकरणांना वकिलांची वाण पडली नाही. याचा अर्थ वकिलांना खेड्यात यायला रस्ता सापडत नाही असं नाही. जिथे फी आहे तिथे ते पोचतात. भातसा आणि तानसा आपल्या शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईला. शिकलेल्या मुलामुलींचंही तेच होतं.

स्त्री वकिलांचं आणखी वेगळं. २०२१ साली तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी सांगितलं होतं की देशातल्या सुमारे सतरा लाख वकिलांमध्ये स्त्रिया फक्त १५ टक्के आहेत, आणि खालच्या कोर्टांपैकी २२ टक्के ठिकाणी स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही. स्वच्छतागृह हा फार लहान मुद्दा वाटेल, पण दिवसभर पाणी न पिता कोर्टात उभ्या राहणाऱ्या बाईला विचारा. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या कोर्टांत स्वच्छतागृहं करा असा आदेश दिला. तो आपल्या तालुक्यात अमलात आला का, हे पाहणं आपलं काम आहे.

शिवाय तालुका लहान असतो. ज्या नवऱ्याविरुद्ध ती उभी राहते तो तिच्या काकांच्या ओळखीचा निघतो. पोलीस पाटील घरी येऊन "ताई, जरा समजुतीने घ्या" म्हणतो. "ही घरं फोडणारी वकील" असा शिक्का बसतो आणि मग खरेदीखत, वारसनोंद अशी पैशाची कामंही तिच्याकडे येईनाशी होतात. शहरात तिला कोणी ओळखत नाही, म्हणून ती तिथे मोकळी असते. गावात तिला सोबत लागते, आणि ती सोबत संघटनाच देऊ शकते.

इतरांनी काय केलं?

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेतल्या दक्षिण डकोटा या विरळ वस्तीच्या राज्याने २०१३ साली कायदा करून एक योजना आणली. दहा हजारांपर्यंत लोकसंख्येच्या काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, जाऊन पाच वर्षं वकिली करायची. त्याबद्दल वर्षाला बारा हजारांवर डॉलर मिळणार. त्यातला निम्मा वाटा राज्याचा, ३५ टक्के स्थानिक काउंटीचा आणि १५ टक्के वकिलांच्या संघटनेचा. यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे ज्या गावाला वकील हवा आहे, त्या गावानेही खिशात हात घातला.

जपानमध्ये कित्येक कोर्टांच्या हद्दीत एकही वकील नव्हता किंवा एकच होता. एकच असला तर दुसऱ्या बाजूने काय करायचं? म्हणून तिथल्या वकील महासंघाने आपल्या सभासदांकडून वर्गणी घेऊन 'हिमावारी', म्हणजे सूर्यफूल, या नावाने अशा ठिकाणी कार्यालयं उघडली. पहिलं २००० साली शिमाने प्रांतातल्या हमादा इथे. तिथे पाठवलेल्या तरुण वकिलाला कार्यालयाचा खर्च आणि उत्पन्नाची हमी असते.

आपल्या देशात आंध्र प्रदेश सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये नव्या वकिलांना पहिली तीन वर्षं महिना पाच हजार रुपये देण्याची योजना सुरू केली होती. महाराष्ट्रात मुंबईच्या 'मजलिस'ने जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या स्त्री वकिलांना प्रशिक्षण देण्याचं काम केलं आहे. वसुधा धागमवार यांनी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या आदिवासी भागात काम केलं. १९७९ च्या ज्या खुल्या पत्राने बलात्काराच्या कायद्यावर देशभर वाद उभा केला, त्यावर सही करणाऱ्या चौघांपैकी त्या एक.

या सगळ्यांतून तीन गोष्टी दिसतात : सुरुवातीच्या वर्षांत निश्चित उत्पन्न, ठरलेली मुदत, आणि गावात पाय रोवायला कोणाचा तरी आधार. नुसत्या आवाहनावर कुठेच भागलेलं नाही.

सरकारला हे जमत नाही असंही नाही. २०२२ साली राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने फौजदारी खटल्यांतल्या आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ वकिलांची योजना आणली. जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यालय, महिन्याचं ठरलेलं मानधन. गरीब आरोपीला चांगला वकील मिळावा हे आपल्याला मान्यच आहे. पण मग पोटगीसाठी, हिंसाचाराच्या अर्जासाठी, वनहक्काच्या दाव्यात पतीबरोबर पत्नीचं नाव लागावं म्हणून तालुक्याला तशीच पूर्णवेळ वकील का नको? ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

२००८ चा ग्राम न्यायालयांचा कायदा २ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाला. पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचार त्याच्या कक्षेत येतात, न्यायाधिकाऱ्याने गावोगाव जाऊन कोर्ट भरवायचं अशी त्यात सोय आहे. महाराष्ट्रात अशी न्यायालयं झाली, पण मोजक्याच ठिकाणी. आणि न्यायाधीश गावात आला तरी बाईची बाजू मांडणारी कोणी नसेल तर काय? कोणी म्हणेल, आता ऑनलाइन सुनावणी आहे. आहे, तिचा उपयोगही करू. पण पाड्यावर रेंज नसते, आणि रडत आलेल्या बाईचे कागद पिशवीतून काढून क्रमाने लावायला समोर माणूसच लागतं.

आपण काय करायचं?

आता आपल्या हातातलं बोलू. मी पाच गोष्टी सुचवते.

पहिली : वकिलाला नियमित काम आणि नियमित पैसे द्या. तालुक्यातल्या दहा गटांनी महिन्याला पाचशे रुपये काढले तर पाच हजार होतात. त्या बदल्यात आठवड्यातून एक ठरलेला दिवस तिने गटांना सल्ला द्यायचा. इथे एक काळजी घ्या. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिली करणाऱ्याला कोणाची पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणून तिला 'पगार' देऊ नका, सल्ल्याची ठरावीक फी द्या आणि पावती घ्या. तसंच वकिलाची फी संस्थेने वाटून घेणं, प्रकरण पाठवल्याबद्दल काही मागणं, हे नियमबाह्य तर आहेच, आपल्या कामाला काळिमा फासणारंही आहे.

दुसरी : जागा द्या. तालुक्याच्या गावात टेबल-खुर्चीपुरती खोली भाड्याने घेणं नव्या वकिलाला जड जातं. आपल्या संस्थेच्या कार्यालयात दुपारनंतर एक कोपरा देता येईल. बाईलाही तिथे जायला संकोच वाटणार नाही.

तिसरी : प्रकरण तयार करून पाठवा. लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, दवाखान्याचे कागद, पोलिसांत दिलेल्या अर्जाची पोच, नवरा कुठे काम करतो त्याची माहिती, घटना तारीखवार लिहिलेली. संरक्षण अधिकाऱ्याकडून कौटुंबिक घटना अहवाल करून घेणं, समन्सवर बरोबर पत्ता घालणं, ही कामं कार्यकर्ती करू शकते. वकिलाचे चार तास वाचले की तेवढ्याच मानधनात तिला दुसरी बाई घेता येते. तुमच्यापैकी ज्यांना शक्य आहे त्यांनी विधी सेवा समितीकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा. आणि तारखांची वही ठेवा. कोणत्या बाईची पुढची तारीख कधी, पोटगी कोणत्या महिन्यापासून थकली, हे त्या वहीत असलं तर एक वर्षाच्या अटीत कोणाचेही पैसे बुडणार नाहीत.

चौथी : सरकारकडे असलेला हक्क वापरा आणि त्याचा हिशेब मागा. तालुका विधी सेवा समितीकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. १५१०० हा मोफत क्रमांक गटाच्या फळ्यावर लिहून ठेवा. आपल्या तालुक्याच्या पॅनलवर किती वकील आहेत, त्यात स्त्रिया किती, गेल्या वर्षी किती बायकांना वकील दिला गेला, मानधन किती महिने थकलं आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. २०१० च्या नियमांप्रमाणे प्रकरणांवर देखरेख ठेवणारी समिती असायला हवी. ती बसते का, विचारा. पॅनलच्या वकिलाचं मानधन वेळेवर मिळावं ही मागणी वकिलांच्या संघटनेची आहे तितकीच आपलीही आहे, कारण ते थकलं की नुकसान बाईचं होतं.

पाचवी गोष्ट सर्वांत लांब पल्ल्याची, आणि माझ्या मते सर्वांत खात्रीची. वकील बाहेरून आणण्यापेक्षा आपल्यातून तयार करा. जी मुलगी किन्हवलीत, टोकावड्यात किंवा फळेगावात वाढली, तिचं घर तिथे आहे. तिला ठाकरी, कातकरी बोली कळते. तालुका कोर्टाची भाषा मराठी आहे, त्यामुळे इंग्रजीचा बाऊ करायचं कारण नाही. पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पूर्वी सनद घ्यायला हजारोंनी रुपये मोजावे लागत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात लिहिल्याप्रमाणे नोंदणी फी सर्वसाधारण उमेदवाराला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयेच. त्याहून जास्त घेता येणार नाही. आदिवासी मुलीसाठी हा निकाल किती मोठा आहे पाहा. आज तुमच्या गटात बारावी झालेली, हुशार, उलट प्रश्न विचारणारी एक मुलगी असेलच. तिच्या लग्नाची घाई चालली असेल. तिच्या आईबापांशी बोला. पुस्तकांचा, पासाचा खर्च गटांनी वाटून घ्या, आणि सनद मिळाल्यावरची पहिली तीन वर्षं तिच्या पाठीशी उभ्या राहा, कारण गळती तिथे होते.

मागे बसलेल्या वकील मित्रांनाही एक सांगायचं आहे. तुमच्याकडे आलेल्या जुनिअर मुलीला नुसत्या तारखा घ्यायला लावू नका. तिला उलटतपास घेऊ द्या, युक्तिवाद करू द्या, आणि महिन्याला ठरलेली रक्कम द्या, थोडी का असेना. कल्याणच्या ज्या वकिलांचा जम बसला आहे, त्यांनी महिन्यातून एक दिवस शहापूर किंवा मुरबाडला येऊन नव्या वकिलांना मार्गदर्शन केलं, तरी तालुक्यातल्या मुलीचं एकटेपण कमी होईल. ती अडते तेव्हा विचारायला कोणी नसतं, हेही ती शहराकडे जाण्याचं मोठं कारण आहे.

हे सगळं एका वर्षात होणार नाही. पण उद्या दुपारी शिबिर संपण्याआधी तीन गोष्टी ठरवता येतील. शहापूर, मुरबाड आणि कल्याण तालुक्यांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज कोण लिहिणार? महिना पाचशे रुपये काढायला कोणते गट तयार आहेत? आणि प्रत्येक गट आपल्यातल्या कोणत्या मुलीचं नाव देणार? नावं कागदावर लिहूनच उठू या. ज्या गटाकडे आज नाव नसेल त्यांनी गावी जाऊन शोधावं आणि पुढच्या बैठकीला त्या मुलीलाच बरोबर घेऊन यावं.